दाह शमतो कसा? शरीर स्वतः तयार करत असलेल्या दाहशामक द्रव्यांविषयी

बोटात काचेचा बारीक कण घुसला आणि तो लगेच काढून टाकला, तरी पुढचे दोन दिवस ते बोट लाल, गरम, सुजलेले आणि ठणकणारे राहते. चौथ्या-पाचव्या दिवशी ठणका थांबलेला असतो, सूज उतरलेली असते आणि आठवडा-दीड आठवड्याने जखम नेमकी कुठे झाली होती हे शोधावे लागते. या साऱ्या घटनाक्रमाचा पहिला भाग आपल्याला जाणवतो, कारण तो दुखतो. दुसरा भाग कोणाच्या लक्षात येत नाही. सूज का आली हे आपण विचारतो. ती उतरली कशी, हे विचारण्याची गरज वाटत नाही.

वैद्यकशास्त्रातही बराच काळ असेच चालले होते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवून ठेवली आणि पुढे जवळजवळ दोन हजार वर्षे अभ्यासकांचे लक्ष दाह सुरू कसा होतो यावरच राहिले. दाह ओसरतो तो कारण संपल्यामुळे, दाह निर्माण करणारी रसायने हळूहळू विरळ होत गेल्यामुळे, असे गृहीत धरले जाई. गेल्या चार दशकांतील संशोधनाने हे गृहीतक मोडीत काढले आहे. दाह आपसूक संपत नाही, शरीर तो संपवते. त्यासाठी ते स्वतंत्र द्रव्ये तयार करते, ती ठरलेल्या क्रमाने सोडते, आणि या कामाची पूर्वतयारी दाहाच्या पहिल्या काही तासांतच सुरू झालेली असते.

ही पूर्वतयारी समजून घेण्यासाठी दाहाची सुरुवात थोडक्यात पाहू. ऊतींमध्ये मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षी पेशी, आणि मास्ट पेशी कायम वस्तीला असतात. जंतू किंवा फुटलेल्या पेशींमधील द्रव्ये समोर आली की त्या हिस्टामाइन, टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ यांसारखी संदेशवाहक द्रव्ये सोडतात. त्याच वेळी पेशीपटलातील अ‍ॅरॅकिडॉनिक आम्ल हे मेदाम्ल सुटे होते आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिन व ल्युकोट्राइन तयार होतात. प्रोस्टाग्लँडिनमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वेदना वाढते; ल्युकोट्राइन बी-४ हे रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना जखमेकडे खेचून आणते. आपल्या अस्थिमज्जेत दररोज साधारण १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार होतात, म्हणजे बोलावणे गेले तर धावून येणाऱ्यांची कमतरता नसते.

अडचण अशी की न्यूट्रोफिलची शस्त्रे आपले आणि परके पाहत नाहीत. त्यांच्यातील प्रथिने विरघळवणारी विकरे (एन्झाइम) आणि तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्ये जिवाणूला मारतात, तशीच ती शेजारच्या निरोगी पेशींनाही जाळतात. म्हणून न्यूट्रोफिल वेळेवर येणे जितके आवश्यक, तितकेच त्यांचे वेळेवर थांबणे आवश्यक. शरीराची दाहशामक द्रव्ये नेमकी याच टप्प्यावर कामाला लागतात.

दाहाच्या पोटातच शमनाची सुरुवात

लंडनमध्ये डेरेक गिलरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला या विषयाचा कणा वाटतो. त्यांनी उंदरांच्या वर्गातील मोठ्या प्राण्यांच्या, म्हणजे घुशीसारख्या प्रयोगशाळेतील रॅटच्या, फुप्फुसावरणात दाह निर्माण केला आणि प्रोस्टाग्लँडिन तयार करणाऱ्या कॉक्स-२ या विकराचे प्रमाण तासातासाने मोजले. हे विकर दुसऱ्या तासाला वाढले, हे अपेक्षितच होते. परंतु ४८ तासांनी, म्हणजे दाह ओसरू लागलेला असताना, ते पुन्हा वाढले आणि या वेळी पहिल्यापेक्षाही कितीतरी जास्त. या दुसऱ्या खेपेला त्यापासून बनणारी द्रव्ये वेगळी होती: सूज वाढवणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ नगण्य होते आणि दाह आवरणारी प्रोस्टाग्लँडिन डी-२ च्या कुळातील द्रव्ये भरपूर होती. संशोधकांनी कॉक्स-२ चे काम बंद पाडणारे औषध दिले तेव्हा सुरुवातीच्या तासांत दाह कमी झाला, पण ४८ तासांच्या टप्प्यावर तो उलट बळावला. एकच विकर आधी दाह पेटवते आणि नंतर तोच विझवते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

हा बदल घडतो कसा, याचे उत्तर बॉस्टनमधील चार्ल्स सेर्हान आणि सहकाऱ्यांच्या कामातून मिळाले. सुरुवातीला तयार झालेले प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे वेदना आणि सूज निर्माण करत असतानाच न्यूट्रोफिलमध्ये एक वेगळे विकर तयार करण्याची आज्ञाही देऊन ठेवते. काही तासांत हे विकर तयार झाले की ज्या अ‍ॅरॅकिडॉनिक आम्लापासून आतापर्यंत ल्युकोट्राइन बनत होते, त्याच आम्लापासून लिपॉक्झिन बनू लागते. कच्चा माल तोच, पेशी त्याच, पण उत्पादन उलट गुणधर्माचे. म्हणूनच, दाह शमवण्याचा आदेश दाह सुरू करणारे द्रव्यच देते, असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे.

लिपॉक्झिनचा शोध सेर्हान यांनी १९८४ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत बेंग्ट सॅम्युएलसन यांच्याबरोबर काम करताना लावला होता. प्रोस्टाग्लँडिनवरील संशोधनासाठी सॅम्युएलसन यांना त्याआधी दोनच वर्षे, १९८२ साली, सुने बर्गस्ट्रॉम आणि जॉन व्हेन यांच्यासोबत नोबेल पुरस्कार मिळाला होता. लिपॉक्झिन दोन कामे एकाच वेळी करते. नवे न्यूट्रोफिल रक्तवाहिनीतून बाहेर पडू नयेत अशी व्यवस्था ते करते, आणि साफसफाई करणाऱ्या मोनोसाइट पेशींना मात्र येऊ देते, तेही त्यांना भडकू न देता. दाहशामक म्हणजे नुसते रोखणारे द्रव्य, अशी आपली समजूत असते. हे द्रव्य रोखतेही आणि कामालाही लावते.

२००० सालापासून सेर्हान यांच्याच प्रयोगशाळेने या कुळातील आणखी द्रव्ये शोधली. प्रयोगातील उंदरांमधला जो दाह आपोआप शमतो, त्या शमनाच्या काळात जखमेच्या जागी साचलेला द्रव काढून त्यांनी तपासला आणि त्यात ओमेगा-३ मेदाम्लांपासून बनलेली अपरिचित रसायने सापडली. ईपीए या मेदाम्लापासून बनणारी ई-मालिकेतील रिझॉल्व्हिन, डीएचए या मेदाम्लापासून बनणारी डी-मालिकेतील रिझॉल्व्हिन, प्रोटेक्टिन आणि मॅरेसिन ही त्यांची नावे. प्राण्यांवरील प्रयोगांत ती अत्यंत सूक्ष्म मात्रेत, ग्रॅमच्या अब्जांशात, परिणाम दाखवतात. माणसाच्या रक्तात मात्र त्यांचे प्रमाण इतके अल्प असते की ते विश्वासार्हपणे मोजता येते का, यावर संशोधकांमध्ये आजही मतभेद आहेत. ही द्रव्ये दुखऱ्या जागी तयार होतात, तिथेच काम करतात आणि काही मिनिटांत निष्क्रिय होतात, त्यामुळे दूरच्या रक्तात ती कमी सापडणे समजण्यासारखे आहे, परंतु हा वाद पुराव्यानेच सुटायला हवा.

नवे न्यूट्रोफिल येणे थांबले तरी आलेल्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. पुराचे पाणी ओसरले म्हणजे घर राहण्याजोगे झाले असे होत नाही; चिखल उपसावा लागतो. न्यूट्रोफिल फार काळ जगत नाहीत. काम झाले की ते एका आखीव पद्धतीने मरतात, म्हणजे फुटत नाहीत तर आतल्या आत आक्रसतात आणि एरवी पटलाच्या आतल्या बाजूला दडलेला फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेदपदार्थ बाहेरच्या बाजूला आणतात. मॅक्रोफेजसाठी ही ‘मला गिळ’ अशी खूण असते. मॅक्रोफेज त्या मरणासन्न पेशीला कवेत घेते, गिळते, आणि त्या गिळण्यानेच तिचा स्वभाव बदलतो: आतापर्यंत टीएनएफ सोडणारी ही पेशी आता इंटरल्यूकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही दाह आवरणारी प्रथिने सोडू लागते. हे गिळणे वेळेवर झाले नाही तर मृत न्यूट्रोफिल अखेर फुटतो, त्यातील विकरे बाहेर सांडतात आणि तिथे नव्याने दाह सुरू होतो. लिपॉक्झिन आणि रिझॉल्व्हिन या दोहोंचे एक मोठे काम म्हणजे मॅक्रोफेजची ही गिळण्याची क्षमता वाढवणे.

शमन ही स्वतंत्र क्रिया आहे याचा सर्वांत स्पष्ट पुरावा गाउट या आजारात दिसतो. यात सांध्यात यूरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक जमतात आणि बहुधा रात्रीतून पायाच्या अंगठ्याचा सांधा इतका पेटतो की अंगावरची चादर लागलेलीही सहन होत नाही. उपचार केले नाहीत तरी हा झटका साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. परंतु तो ओसरल्यावर त्याच सांध्यातील द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर स्फटिक तिथेच असू शकतात. कारण जागच्या जागी आहे आणि दाह मात्र संपला आहे. असे का होते, याचे एक स्पष्टीकरण असे मिळाले आहे की मोठ्या संख्येने जमलेले न्यूट्रोफिल आपल्या डीएनएचे धागे बाहेर टाकून जाळी विणतात, त्या जाळ्यांच्या गुठळ्या होतात, आणि त्यांत अडकलेली विकरे दाह पसरवणाऱ्या संदेशवाहक प्रथिनांचेच तुकडे करतात. आग पसरवणारी पेशीच संख्येने पुरेशी झाली की ती आवरू लागते.

प्रथिनांची दुसरी फळी

आतापर्यंतची द्रव्ये मेदाम्लांपासून बनणारी होती. दुसरा गट प्रथिनांचा आहे आणि त्यातील एकाची कार्यपद्धती इतकी थेट आहे की ती सविस्तर पाहायला हवी. इंटरल्यूकिन-१ हे दाहाचे अत्यंत प्रभावी प्रथिन पेशीवरील ग्राहीला, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटते आणि पेशीच्या आत दाहाचा संदेश जातो. शरीर याच ग्राहीत बसणारे दुसरे एक प्रथिन तयार करते. ते जागा अडवते पण संदेश मात्र काहीच देत नाही. त्याला इंटरल्यूकिन-१ ग्राही-विरोधी प्रथिन म्हणतात. पेशीवरच्या थोड्याशा ग्राहींनाही इंटरल्यूकिन-१ चिकटले तरी संदेश जात असल्यामुळे, त्याला रोखायचे तर हे विरोधी प्रथिन कितीतरी अधिक प्रमाणात असावे लागते, आणि दाहाच्या काळात शरीर ते तसे तयारही करते.

हे प्रथिन नसेल तर काय होईल, याचे उत्तर २००९ साली वर्णन केलेल्या एका अतिदुर्मीळ जनुकीय आजाराने दिले. या बाळांच्या दोन्ही जनुकप्रतींत दोष असल्यामुळे हे प्रथिन तयारच होत नाही. जन्मानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्यांच्या त्वचेवर पूयुक्त पुरळ येते, हाडांच्या टोकांना आणि हाडांवरच्या आवरणाला दाह होतो, सांधे सुजतात, आणि इतके होऊनही कोणताही जंतू सापडत नाही. म्हणजे हल्ला कोणाचाच नसतो. रोजच्या जगण्यात इंटरल्यूकिन-१ जे थोडेफार बाहेर पडते, तेवढेच आवर घालणारे कोणी नसल्यामुळे जिवावर बेतते. याच प्रथिनाची प्रयोगशाळेत बनवलेली प्रत अ‍ॅनाकिन्रा या नावाने औषध म्हणून उपलब्ध आहे. ती रोज टोचून दिली की यातील बहुतेक बाळांमध्ये काही दिवसांतच नाट्यमय सुधारणा दिसते. आपण निरोगी आहोत म्हणजे आपल्यात दाह होत नाही असे नसून तो क्षणोक्षणी आवरला जातो आहे, हे या बाळांनी दाखवून दिले.

इंटरल्यूकिन-१० चीही गोष्ट अशीच आहे. ते मॅक्रोफेजला टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि इतर दाहकारक प्रथिने तयार करण्यापासून परावृत्त करते. त्याचा ग्राही जन्मतः सदोष असलेल्या बाळांना आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच आतड्यांचा भयंकर दाह होतो, कारण अब्जावधी जिवाणूंच्या सान्निध्यात राहणाऱ्या आतड्याला शांत ठेवणारा मुख्य संदेशच पोहोचत नाही. अशा बाळांना अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने बरे करता आले आहे.

ही प्रथिने सोडणाऱ्या पेशींमध्ये नियामक टी पेशींचे स्थान विशेष आहे; टी पेशी हा रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली दाखवले की टी पेशींचा एक छोटा गट इतर टी पेशींना आवर घालतो, आणि तो काढून टाकला तर उंदरांना स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करणारे आजार होतात. त्या काळी दमनकारी पेशी ही कल्पनाच बदनाम झालेली होती, त्यामुळे हे मान्य व्हायला वेळ लागला. दरम्यान मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल हे अमेरिकेत उंदरांच्या एका वाणाचा अभ्यास करत होते. १९४० च्या दशकात टेनेसीमधील ओक रिज येथे आढळलेल्या या वाणातील नर पिल्ले खवलेयुक्त त्वचा आणि सुजलेल्या ग्रंथींसह जन्मानंतर काही आठवड्यांतच मरत. त्यांच्यातील सदोष जनुक या दोघांनी २००१ साली शोधून काढले. त्याचे नाव फॉक्स-पी-३. हेच जनुक नियामक टी पेशी घडवते, हे २००३ साली स्पष्ट झाले आणि दोन्ही धागे जुळले. या तिघांना २०२५ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार देण्यात आला.

कॉर्टिसॉल

वर वर्णन केलेली द्रव्ये बहुतांशी जागच्या जागी काम करतात. संपूर्ण शरीराला एकाच वेळी कह्यात ठेवणारे दाहशामक मात्र एकच, ते म्हणजे मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक.

त्याचा हा गुण उघड झाला तो एका डॉक्टरने रुग्णांकडे बारकाईने पाहिले म्हणून. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये काम करणारे फिलिप हेन्च यांना १९२९ साली असे आढळले की ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याबरोबर त्याचे सांधे दुखायचे थांबले. पुढे गर्भारपणातही अनेक स्त्रियांचा हा संधिवात तात्पुरता ओसरतो, असे त्यांनी नोंदवले. दुखणे घालवणारे काहीतरी द्रव्य शरीरातच तयार होत असावे, या अनुमानाचा त्यांनी जवळजवळ वीस वर्षे पाठपुरावा केला. मेयोतीलच रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथींमधून वेगळी केलेली संयुगे त्यांच्या हाताशी होती. २१ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांतील एक संयुग, ज्याला पुढे कॉर्टिझोन म्हटले गेले, २९ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला पहिल्यांदा टोचले गेले. अंथरुणावर कूस बदलणेही जिला अवघड होते, ती आठवड्याभरात चालत बाहेर पडली. हेन्च, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखस्टाइन यांना १९५० साली नोबेल पुरस्कार मिळाला. शरीरात यकृत कॉर्टिझोनचे रूपांतर कॉर्टिसॉलमध्ये करते, आणि प्रत्यक्ष काम कॉर्टिसॉल करते.

दाह आणि कॉर्टिसॉल यांच्यातील दुवा मेंदूतून जातो. दुखऱ्या जागी तयार झालेल्या इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ यांचा संदेश रक्तातून आणि मज्जातंतूंमधून मेंदूतील हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचतो. हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला कळवतो, पियुषिका अधिवृक्क ग्रंथीला, आणि कॉर्टिसॉल वाढते. वाढलेले कॉर्टिसॉल मग त्याच इंटरल्यूकिन आणि टीएनएफचे उत्पादन कमी करते. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या असतात, अशा अ‍ॅडिसनच्या आजाराच्या रुग्णांना एरवी साधा वाटणारा जंतुसंसर्गही जीवघेणा ठरू शकतो, आणि अशा वेळी औषधाची मात्रा वाढवायची असते ती याच कारणाने.

पेशीत शिरल्यावर कॉर्टिसॉल तिथल्या ग्राहीला जोडले जाते आणि ती जोडी केंद्रकात जाऊन जनुकांवर काम करते. दाहकारक प्रथिनांची जनुके चालू करणाऱ्या एनएफ-कॅपा-बी या प्रथिनाला ती अडवते आणि दाहशामक जनुकांना जागे करते. त्यातून तयार होणारे अ‍ॅनेक्सिन ए-१ हे प्रथिन विशेष लक्षणीय आहे: ते न्यूट्रोफिलना रक्तवाहिनीच्या भिंतीवरून सुटायला लावते आणि मॅक्रोफेजची गिळण्याची क्षमता वाढवते. शिवाय ते ज्या ग्राहीवर काम करते, त्याच ग्राहीवर लिपॉक्झिनही काम करते. जनुकांमार्फत काम करायचे म्हणजे नवी प्रथिने तयार होईपर्यंत थांबणे आले. स्टेरॉइडच्या, म्हणजे कॉर्टिसॉलसारखे काम करणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनचा पूर्ण परिणाम दिसायला काही तास का लागतात, याचे कारण हे.

निरोगी माणसात दिवसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार होते, तेही सारखे नव्हे. पहाटेपासून ते चढत जाते, जाग येण्याच्या सुमारास कमाल पातळी गाठते आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जाते. रात्रीच्या या उताराच्या काळात दाहकारक प्रथिनांना मोकळीक मिळते. दम्याचा त्रास रात्री उशिरा वाढणे आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांचे सांधे सकाळी आखडलेले असणे, यांमागे या लयीचा मोठा वाटा आहे. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड औषधाची ५ मिलिग्रॅमची एक गोळी दाह शमवण्याच्या बाबतीत सुमारे २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या तोडीची असते, म्हणजे शरीराच्या जवळपास दिवसभराच्या उत्पादनाएवढी. अशा गोळ्या आठवडेच्या आठवडे घेतल्या की मेंदू समजतो की पुरेसे कॉर्टिसॉल आहे, आणि अधिवृक्क ग्रंथी काम कमी करत जातात. त्यांना पुन्हा कामाला लागायला आठवडे, कधी महिने लागतात. म्हणून दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये. हे बजावून सांगावेच लागेल, कारण बरे वाटू लागल्यावर गोळ्या सोडून देणारे रुग्ण कमी नाहीत.

मानसिक ताणाने कॉर्टिसॉल वाढते हे अनेकांनी ऐकलेले असते. मग सततच्या ताणात दाह कमी व्हायला हवा, प्रत्यक्षात तो वाढलेला दिसतो. कार्नेगी मेलन विद्यापीठातील शेल्डन कोहेन यांच्या गटाने २०१२ साली याचा उलगडा करणारे संशोधन प्रसिद्ध केले. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या निरोगी स्वयंसेवकांच्या पांढऱ्या पेशी कॉर्टिसॉलला कमी प्रतिसाद देत होत्या, आणि सर्दीच्या विषाणूशी मुद्दाम संपर्क घडवल्यावर ज्यांच्यात हा प्रतिसाद मंदावलेला होता, त्यांना सर्दी होण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे तुटवडा द्रव्याचा नसतो, ते ऐकून घेणाऱ्या पेशींचा असतो.

मज्जातंतू, स्नायू आणि आतडे

मेंदूकडे संप्रेरकांव्यतिरिक्त आणखी एक, कितीतरी वेगवान मार्ग आहे. मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसे आणि पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूला चेतना दिली की शरीरातील टीएनएफचे उत्पादन घटते, हे केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने २००० साली प्रयोगातील प्राण्यांमध्ये दाखवले. पुढील संशोधनानुसार हा संदेश प्लीहेपर्यंत पोहोचतो, तिथल्या काही टी पेशी अ‍ॅसिटिलकोलीन हे संदेशवाहक द्रव्य सोडतात आणि ते मॅक्रोफेजला शांत करते. मानेतील या मज्जातंतूला ठरावीक वेळाने सूक्ष्म विद्युतचेतना देणाऱ्या, शरीरात बसवायच्या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी २०२५ साली मान्यता दिली.

स्नायूही दाहशामक द्रव्यांचे उगमस्थान आहेत, हे अनेकांना नवे वाटेल. काम करणारा स्नायू इंटरल्यूकिन-६ रक्तात सोडतो. जंतुसंसर्गात हेच प्रथिन दाहकारक ठरते, पण व्यायामात ते टीएनएफच्या सोबतीशिवाय, एकटेच वाढते आणि त्यापाठोपाठ इंटरल्यूकिन-१० आणि इंटरल्यूकिन-१ चे विरोधी प्रथिन यांचीही पातळी वाढते. कोपनहेगनमधील बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्या गटाने २००३ साली निरोगी पुरुषांना जिवाणूच्या विषाची अल्प मात्रा टोचली. जे विश्रांती घेत होते त्यांच्या रक्तातील टीएनएफ दुपटी-तिपटीने वाढले. जे तीन तास सायकल चालवत होते त्यांच्यात ते वाढलेच नाही. याउलट पोटाच्या घेरात चरबी साठत गेली की मेदपेशी अ‍ॅडिपोनेक्टिन हे दाहशामक संप्रेरक कमी तयार करतात, आणि त्या मेदात शिरलेल्या मॅक्रोफेज टीएनएफ सोडत राहतात.

आतड्यातील जिवाणूंचा वाटाही मोठा आहे, जरी काटेकोर अर्थाने ते द्रव्य आपण बनवत नाही. आपल्याला न पचणारे तंतुमय पदार्थ जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट हे छोटे मेदाम्ल तयार होते, आणि ते आतड्याच्या भिंतीत नियामक टी पेशींची वाढ करते.

शमन फसते तेव्हा आणि औषधे

दीर्घकालीन दाहाच्या आजारांकडे या माहितीच्या उजेडात पाहिले की विचारायचा प्रश्नच बदलतो. दाह कशाने भडकला, एवढेच विचारून भागत नाही. तो संपवणारी कोणती पायरी अडली, हेही विचारावे लागते. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबीचे थर साचण्याच्या आजारात मॅक्रोफेजची मृत पेशी गिळण्याची क्षमता घटलेली असते, त्यामुळे थराच्या मध्यभागी मृत पेशींचा गाभा वाढत जातो आणि तो फुटण्याचा धोका निर्माण होतो.

आपण घेत असलेल्या औषधांचा विचारही याच अंगाने करता येतो. अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनचे उत्पादन थांबवते हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. पण अ‍ॅस्पिरिन कॉक्स-२ ला पूर्ण बंद पाडत नाही, त्यात रासायनिक बदल घडवते, आणि बदललेले विकर लिपॉक्झिनच्याच एका जवळच्या, अधिक टिकाऊ रूपाचा पूर्वपदार्थ तयार करू लागते. आयब्युप्रोफेनसारख्या इतर वेदनाशामकांमध्ये हा गुण नाही. गिलरॉय यांच्या प्रयोगात दिसलेला, शमन लांबवण्याचा धोका माणसात नेमका किती आणि केव्हा लागू होतो हे आजारानुसार वेगळे असते, त्यामुळे प्राण्यांवरील निष्कर्षाच्या आधारे डॉक्टरांनी दिलेले औषध कोणी बंद करू नये. दुखणे थांबल्यानंतरही सवयीने वेदनाशामक घेत राहण्याला मात्र हा प्रयोग कोणताच आधार देत नाही.

ओमेगा-३ च्या कॅप्सूलविषयीही सावध राहिलेले बरे. रिझॉल्व्हिनचा कच्चा माल मिळाला म्हणजे शरीर योग्य जागी, योग्य वेळी आणि पुरेसे रिझॉल्व्हिन तयार करीलच असे नाही. ते काम विकरांचे आहे आणि पेशींचेही. वनस्पतींतून मिळणाऱ्या ओमेगा-३ चे ईपीए आणि डीएचएमध्ये रूपांतर करण्याची आपली क्षमता तर फारच मर्यादित आहे. अशा पूरकांच्या चाचण्यांचे निष्कर्ष आजारागणिक वेगवेगळे आले आहेत.

आजची बहुतेक दाहशामक औषधे दाहाचा एखादा दुवा तोडून काम करतात. त्यामुळे त्यांच्याबरोबर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, कारण तोच दुवा जंतूंविरुद्धही लागतो. लिपॉक्झिन आणि रिझॉल्व्हिन यांचे आकर्षण हे आहे की प्राण्यांवरील प्रयोगांत ती जिवाणूंचा नायनाट मंदावू देत नाहीत. काही प्रयोगांत तर त्यांच्यामुळे प्रतिजैविकाची कमी मात्राही पुरली. त्यांना औषधाचे रूप देणे मात्र अवघड जाते आहे, कारण शरीर त्यांना काही मिनिटांतच मोडून टाकते. म्हणून मूळ रेणूत थोडा बदल करून तो अधिक काळ टिकेल असे करणे, किंवा ज्या ग्राहीवर तो काम करतो त्यालाच चेतवणारे वेगळे, टिकाऊ रेणू शोधणे, या दोन दिशांनी सध्या काम चालू आहे.